हरल्याचा दोष कोणत्या चालीला?

दारव्ह्याजवळच्या एका गावातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी विचारतो: "सर, मी सी प्लस प्लसमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला आहे. गावच्या वाचनालयात मुलांना सरावासाठी ठेवायचा आहे. ओपनिंग बुक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची यादी, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे आणि प्रत्येक चालीला एक वजन दिलं आहे. प्रोग्राम जिंकला की त्या डावात खेळलेल्या सगळ्या बुकातल्या चालींचं वजन एकने वाढवतो, हरला की एकने कमी करतो. नेटवरून उतरवलेल्या एका तगड्या इंजिनाशी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामशी, शंभर डाव लावले. आता पांढरी असली की प्रोग्राम पहिलीच चाल ए३ खेळतो, कडेचं प्यादं नुसतं एक घर पुढे. कोड तीनदा तपासला, बग सापडत नाही. काय चुकलं?"

तुझ्या कोडमध्ये बग नाही. तू पाठवलेल्या दोन्ही फायली, शिकण्याआधीची आणि नंतरची, मी शेजारी ठेवून पाहिल्या. सुरुवातीला ई४ चं वजन २२ होतं, डी४ चं १५, सी४ चं ८, घोडा एफ३ चं ६ आणि ए३ चं ४. पांढरी घेऊन खेळलेल्या ५० डावांपैकी ४२ गेले, ५ बरोबरीत सुटले, ३ जिंकले. तुझा प्रोग्राम दर वेळी सर्वांत जड चाल उचलतो. त्यामुळे ई४ झिजत झिजत डी४ पर्यंत आली, मग दोन्ही मिळून सी४ पर्यंत उतरल्या, आणि शेवटी चारही चाली ३ वर येऊन ठेपल्या. ए३ ला मधल्या काळात हातच लागला नाही, म्हणून ती ४ वरच राहिली आणि सर्वांत जड ठरली. ती चांगली आहे म्हणून वर आली नाही. हरायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

शिकणाऱ्या बुकाचं सगळं गणित इथे अडतं. डाव हरला तर दोष नेमका कोणाचा, हे प्रोग्रामला ठरवता आलं पाहिजे. फाईल कशी बांधायची, हॅश की (पटावरची मांडणी ओळखायची संख्या) किती बिटांची ठेवायची, हे नंतर बघता येतं. दोष चुकीच्या चालीवर टाकत राहिलास तर बुक जितके जास्त डाव खेळेल तितकं बिघडेल, आणि ते तू डोळ्यांनी पाहिलंच आहेस.

आधी समोरच्या इंजिनाकडे बघ. खेळाडूंची ताकद गुणांत मोजणाऱ्या एलो पद्धतीत २०० गुणांनी वरच्या खेळाडूशी खेळताना आपली अपेक्षित कमाई डावामागे ०.२४ असते, ४०० गुणांनी वरच्याशी ०.०९. तुला ५० डावांत साडेपाच गुण मिळाले. ते इंजिन तुझ्याहून ४०० ने वर असेल, तर अपेक्षा साडेचारचीच होती. म्हणजे तुझ्या सुरुवातीच्या चालींनी आपलं काम नीट केलं आणि तू त्यांना शिक्षा दिलीस. वजनात एक मिळवण्या-वजा करण्याऐवजी "मिळालेले गुण वजा अपेक्षित गुण" एवढाच फरक शिकवायला हवा. त्याहून सोपं म्हणजे शिकवण्यासाठी आपल्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी घेणं. प्रोग्रामची आधीची आवृत्तीही चालते. तगड्या इंजिनाकडून मार खाऊन बुक शिकत नाही, कारण तिथे सगळ्याच चाली सारख्याच हरतात आणि त्यांच्यातला फरक दिसतच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, आणि त्यासाठी एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या आर्वीकडच्या एका शाळेत, संगणकाच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर मी माझा प्रोग्राम बसवून दिला होता. बुक हौशी खेळाडूंच्या डावांतून बनवलं होतं: जी चाल जास्त वेळा खेळली गेली, तिचं वजन जास्त. पंधरा दिवसांनी गेलो तर आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली. वहीच्या मागच्या पानावर काळ्याच्या आठ चाली एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. म्हणाली, "सर, हा कम्प्युटर तं रोज तसाच मरते." आणि तिने माझ्यासमोर बसून खेळून दाखवलं.

१. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजीर×बी२. इथे माझं बुक ६. उंट सी३ खेळायचं. चाल दिसायला अगदी रास्त आहे: वजिरावर हल्ला आणि ए१ च्या हत्तीचा बचाव, दोन्ही एकदम. पण काळा ६... उंट बी४ खेळतो. तिथे बुक संपायचं आणि प्रोग्राम स्वतः विचार करायला लागायचा, तोवर उशीर झालेला असायचा. ७. वजीर डी२ उंट×सी३. आता ८. वजीर×सी३ केलं तर वजीर सी१ आणि मात. प्रोग्रामला ती मात दिसायची, म्हणून तो घोड्याने सी३ वर मारायचा, आणि काळ्याचा वजीर ए१ चा हत्ती शह देऊन उचलायचा. एक अख्खा हत्ती वर असताना ती मुलगी जिंकत होती, रोज, आणि आता वर्गातली बाकीची मुलंही ते पान उतरवून घेत होती. सहाव्या चालीला उंट सी३ ऐवजी घोडा सी३ खेळला असता, तर पांढऱ्याचीच बाजू भक्कम होती.

हा डाव तुझ्या पद्धतीने शिकवून बघ. डी४, डी×ई५, घोडा एफ३, उंट एफ४, उंट डी२, उंट सी३, सहाही चालींचं वजन एकेक कमी होईल. यातली गुन्हेगार एकच आहे. पण डी४ प्रत्येक डावात येते, म्हणून दहा वेगवेगळ्या फांद्यांवरच्या दहा चुकांची शिक्षा तिलाच भोगावी लागते. झाडाच्या शेंड्याला कीड लागली आणि तू दर वेळी बुंध्यावर कुऱ्हाड घालतोस.

उपाय असा. वजनं चालींना चिकटवून ठेवू नकोस. पोझिशनला, म्हणजे पटावरच्या मांडणीला, किंमत दे आणि ती खालून वर मोजत ये. आपली चाल असलेल्या पोझिशनची किंमत म्हणजे तिथल्या आपल्या सर्वांत चांगल्या चालीची किंमत. उंट सी३ ची किंमत कोसळली तरी शेजारी घोडा सी३ शिल्लक आहे, म्हणून पोझिशनची किंमत घोडा सी३ वर टिकून राहते. म्हणून उंट डी२ ची किंमत हलत नाही, म्हणून उंट एफ४ ची हलत नाही, आणि डी४ पर्यंत तर धक्का पोचतच नाही. उद्या घोडा सी३ सुद्धा वाईट ठरली तर मात्र दोष आपोआप एक पायरी वर सरकेल आणि उंट डी२, उंट एफ४ यांना पर्याय आहे का, हे तपासलं जाईल. शिक्षा जिथे खरी निवड होती तिथेच थांबते.

प्रतिस्पर्ध्याची चाल असेल तिथे कोणती किंमत धरायची? त्याच्या उत्तरांची सरासरी घेता येते, किंवा आपल्यासाठी सर्वांत वाईट ठरणारं उत्तर धरता येतं. मी दुसरं करतो. त्या मुलीने दाखवून दिलं की ज्याला भगदाड सापडतं तो रोज तिथूनच शिरतो. सरासरी घेणारं बुक "बाकीची मुलं तसं खेळत नाहीत" म्हणत हरत राहतं.

याच वाटेने मिखाएल बुरो यांनी ऑथेल्लो या पटावरच्या खेळाच्या लॉजिस्टेलो प्रोग्रामचं बुक बांधलं होतं. या लॉजिस्टेलोने १९९७ मध्ये तेव्हाचा जगज्जेता ताकेशी मुराकामी याला ६-० असं हरवलं. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मी जशीच्या तशी उचलली आहे: बुकातल्या प्रत्येक पोझिशनमध्ये, बुकात नसलेली सर्वांत चांगली चाल शोधून तिचीही किंमत लिहून ठेवायची. बुकातल्या सगळ्या चाली पडल्या तर प्रोग्राम त्या चालीने बाहेर पडतो आणि बुक तिथूनच एक फांदी वाढवतं. नुसतं शिक्षा करणारं बुक हळूहळू आक्रसत जातं. हे बुक वाढत राहतं.

आता किंमत ठरवायची कशावरून? नुसत्या निकालावरून ठरवू नकोस. ६० चालींच्या डावात प्रोग्रामने ५२ व्या चालीला हत्ती गमावला, तर त्यात ओपनिंगचा काय दोष? क्राफ्टी या प्रोग्रामचे कर्ते रॉबर्ट हायट यांनी बुक शिकवण्याच्या आपल्या पद्धतीवर १९९९ मध्ये लेख लिहिला. तिचा गाभा असा की बुक संपल्यानंतरच्या पहिल्या दहा चालींत इंजिनाचं स्वतःचं मूल्यमापन कुठे जातं ते बघायचं आणि त्यावरून बुकाला बक्षीस किंवा शिक्षा द्यायची. डाव संपायची वाटही बघावी लागत नाही. बुकातून बाहेर पडताच मूल्यमापन उणे दीड प्यादी दाखवतंय, म्हणजे त्या बुकाने तुला खड्ड्यात नेऊन सोडलं. बाहेर पडताना अधिक अर्धं प्यादं होतं आणि दहा चालींनंतरही तसंच आहे, तर पुढे डाव हरला तरी बुक निर्दोष.

मूल्यमापन आणि निकाल एकाच मापात आणायला मी एलोचंच सूत्र वापरतो: १ ÷ (१ + १० चा उणे मूल्यमापन ÷ ४०० वा घात), आणि मूल्यमापन शंभरास एक प्यादं या हिशोबात. एक प्यादं मागे असलो तर ०.३६, अर्धं प्यादं पुढे असलो तर ०.५७. आता दोन्ही आकडे ० ते १ मध्ये आले. त्यांची सरासरी घेताना मी मूल्यमापनाला तीन भाग देतो आणि निकालाला एक. तुझं इंजिन अजून कच्चं असेल तर त्याच्या मूल्यमापनावर इतका भरवसा ठेवू नकोस, अर्धं-अर्धं धर.

यानंतर धीराची गोष्ट, आणि ती कास्तकाराच्या पोराला वेगळी समजवायला नको. वावरात नवीन वाण लावलं, त्या वर्षी मृगात पाऊस आला आणि मग तीन आठवडे दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली, तर वाण वाईट होतं असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. तो धुऱ्यापलीकडच्या वावरातलं पीक बघतो, पुढच्या हंगामात पुन्हा दोन तासं लावून बघतो. बुकाचंही तसंच. एका डावाचा निकाल सरासरीपासून साधारण ०.४ इकडे-तिकडे असतो. १६ डावांची सरासरी घेतली की ही चूक ०.१ वर येते, म्हणजे पंच्याण्णव टक्के खात्री हवी तर अजूनही ±०.२. सोळा डावांत ४० टक्के गुण मिळवणारी चाल प्रत्यक्षात ५५ टक्क्यांची असू शकते. आणि सोळा डाव म्हणजे बुकातल्या खोलवरच्या फांदीसाठी फार झाले. तिथे तीन-चारच डाव मिळतात.

म्हणून प्रत्येक चालीला आधीची पत द्यायची. ती ग्रँडमास्टरांच्या डावांवरून किंवा खोल शोधावरून काढता येते. समजा ई४ ची पत ०.५५ आणि तिला २० डावांइतकं वजन. नवी किंमत = (२० × ०.५५ + मिळालेले गुण) ÷ (२० + खेळलेले डाव). एक डाव हरली तर ११ ÷ २१, म्हणजे ०.५२४. दोन हरली तर ०.५००. तीन हरली तर ०.४७८. शेजारी न खेळलेल्या डी४ ची पत ०.५२ असेल, तर पहिल्या हरण्यानंतरही ई४ च खेळली जाते, दुसऱ्यानंतर प्रोग्राम डी४ कडे वळतो. आणि ए३? तिची पत ०.४८ धर. चारही मोठ्या चाली वारंवार हरून त्याखाली गेल्याशिवाय तिचा नंबर लागत नाही. आणि बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना त्या जातही नाहीत. हे २० मी पुष्कळ बदलून पाहिलं आहे. ५ ठेवलं की बुक चंचल होतं, १०० ठेवलं की ढिम्म हलत नाही. मुलं रोज खेळणार असतील तर १० ते २० मध्ये कुठेही ठेव.

खेळताना चाल निवडायची ती नेहमी पहिल्या नंबरचीच निवडू नकोस. न खेळलेल्या चालींना संधी देण्यासाठी यूसीबी१ नावाचं सूत्र आहे, २००२ पासून सगळीकडे वापरतात: सरासरी अधिक (२ × एकूण डावांचा नैसर्गिक लॉग ÷ त्या चालीचे डाव) याचं वर्गमूळ. ते जसंच्या तसं घेतलंस तर फसशील. एकूण ३० डाव आणि चालीचे १० डाव असले की नुसता संधीचा भागच ०.८२ येतो, जेव्हा चालींमधला खरा फरक ०.०३ चा असतो. मग प्रोग्राम सगळ्या चाली पाळीपाळीने खेळत सुटतो. तो भाग ०.०५ ने गुणून घे. मुलांसाठी तर मी याहून साधं करतो: सर्वांत चांगल्या चालीच्या ०.०३ च्या आत असलेल्या सगळ्या चालींतून चिठ्ठी काढावी तशी एक उचलतो. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडच्या गावांतूनही पट मागणारी मुलं वाढली आहेत. त्यांना रोज एकच ओपनिंग देणारा प्रोग्राम आठ दिवसांत नकोसा होतो.

मूळ बुक किती मोठं असावं? लहान. १९९७ मध्ये कास्पारोवशी खेळलेल्या डीप ब्लू संगणकाचं हाताने बनवलेलं बुक सुमारे ४,००० पोझिशनचं होतं. त्याच्या जोडीला ग्रँडमास्टरांच्या ७ लाख डावांची आकडेवारी होती, पण ती हुकूम म्हणून नव्हे. तिच्यावरून चालींना थोडा जास्तीचा गुण मिळायचा आणि शेवटी शोधच ठरवायचा. वाचनालयासाठी तुला चारशे-पाचशे पोझिशन भरपूर झाल्या. मात्र त्या प्रत्येकीवर इंजिनाचा दोन-दोन मिनिटांचा शोध दोन रात्री लावून ठेव. माझ्या त्या उंट सी३ ला दोन सेकंदांचा शोधही पुरला असता. सात-आठ अर्ध्या चालींत (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी) हत्ती जाताना दिसतो. तेवढं मी तेव्हा केलं नव्हतं. किती वेळा खेळली गेली यावर चालीची लायकी ठरवली होती, आणि हौशी डावांत सोपी चूकच जास्त वेळा खेळली जाते.

टेक्स्ट फाईल सोड. चालींचा क्रम ओळीत लिहिलेला असला की एकच पोझिशन दोन वाटांनी आली तर बुक तिला ओळखत नाही. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ आणि १. सी४ घोडा एफ६ २. डी४, पट तोच. पोझिशनची ६४ बिटांची की बनव, झोब्रिस्टच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मोहरा-घर जोडीला एक यादृच्छिक संख्या आणि सगळ्यांची एक्सॉर (बिट-बिटाने मिसळणी). पॉलिग्लॉट या बुकाच्या फाईल-पद्धतीच्या ठरलेल्या ७८१ संख्या आहेत, त्याच वापर: ७६८ मोहऱ्यांच्या, ४ कॅसलिंगच्या, ८ एन पासाँच्या, १ कोणाची चाल याची. फायदा हा की दुसऱ्यांची बुकंही तुला वाचता येतील. नोंद १६ बाइटची: ८ की, २ चाल, २ वजन, ४ शिकण्यासाठी. कीप्रमाणे लावलेली १० लाख नोंदींची फाईल १६ एमबीची होते आणि तिच्यात शोधायला वीस पायऱ्या पुरतात. ३२ बिटांच्या कीचा मोह धरू नकोस. १० लाख पोझिशनमध्ये शंभरावर जोड्यांच्या की एकसारख्या निघतील, ६४ बिटांत ती भीती जवळजवळ नाही.

एन पासाँ, म्हणजे दोन घरांची उडी घेतलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारायचा नियम, मात्र जपून. वरच्याच उदाहरणात पहिल्या वाटेने शेवटची दोन घरांची उडी सी प्याद्याने घेतली, दुसऱ्या वाटेने डी प्याद्याने. उडी झाली की लगेच एन पासाँची संख्या मिसळलीस, तर एकाच पटाच्या दोन वेगळ्या की तयार होतील आणि शिकलेलं अर्धं-अर्धं वाटलं जाईल. शेजारी ते प्यादं मारू शकणारं शत्रूचं प्यादं असेल तरच ती संख्या मिसळायची. पॉलिग्लॉटचा नियमही तोच आहे. त्यातलं आणखी एक ध्यानात ठेव: कॅसलिंग राजाने स्वतःचा हत्ती मारल्यासारखी लिहितात, ई१ वरून एच१. आणि बाइटांचा क्रम मोठा भाग आधी असा आहे. घरच्या संगणकावर तो उलटा वाचला जातो.

शिकलेलं त्या चार बाइटांत लिहू नकोस. बुक नव्याने बनवलं की ते पुसलं जातं. मूळ बुक फक्त वाचायला, आणि शिकलेलं वेगळ्या फाईलमध्ये: की, चाल, डाव, गुण, बुक संपल्यावरचं सरासरी मूल्यमापन. त्या फाईलचीही एक गोष्ट आहे. एका जूनमध्ये संध्याकाळच्या वादळात वीज गेली. माझा प्रोग्राम त्याच क्षणी शिकलेली फाईल लिहीत होता. सकाळी बघतो तर फाईल शून्य बाइटची, चार महिन्यांचे डाव गेले. तेव्हापासून मी प्रत्येक डावाची एक ओळ एका नोंदवहीसारख्या फाईलच्या शेवटी जोडतो आणि मागचं काहीच खोडत नाही. किमती त्या नोंदीवरून केव्हाही पुन्हा काढता येतात. काढलेली फाईल आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, डिस्कवर उतरली याची खात्री करायची आणि मग नाव बदलायचं. मधेच वीज गेली तर जुनी फाईल तरी जागेवर राहते. आपल्याकडे यूपीएस असला तरी बॅटरी किती वर्षांची आहे ते विचारून बघ.

तुझं इंजिन यूसीआयवर, म्हणजे इंजिन आणि खेळाची खिडकी यांनी एकमेकांशी बोलायच्या नियमावलीवर, चालतं, तर आणखी एक अडचण येणार. २००० साली आलेल्या या नियमावलीत डावाचा निकाल इंजिनाला कळवणारी आज्ञाच नाही. एक्सबोर्डच्या जुन्या नियमावलीत ती आहे. म्हणून इंजिनाच्या आत शिकण्याचं कोड लिहीत बसू नकोस. डाव क्यूटचेस या इंजिनांचे डाव लावून देणाऱ्या प्रोग्राममधून लाव. तो पीजीएनमध्ये, म्हणजे डाव नोंदवायच्या टेक्स्ट फाईलमध्ये, प्रत्येक चालीपुढे मूल्यमापन आणि शोधाची खोली लिहून ठेवतो. निकालही तिथेच आणि बुकाबाहेरच्या पहिल्या दहा चालींचे आकडेही तिथेच. दोनशे ओळींची वेगळी स्क्रिप्ट पीजीएन वाचेल आणि शिकलेली फाईल बनवेल. इंजिन ती फक्त वाचेल. वाचनालयात मुलांचे डाव तुझ्या स्वतःच्या खिडकीतून खेळले जाणार असतील, तर त्या खिडकीनेच पीजीएन त्याच पद्धतीने लिहावं. किमती खालून वर मोजताना एवढं बघ की चाली उलटसुलट फिरून तीच पोझिशन पुन्हा येऊ शकते. आधी पाहिलेली की पुन्हा लागली की तिथे बरोबरी धरून मागे फिर.

शिकलेलं बुक खरंच सुधारलं का, हे ज्याच्याशी खेळून ते शिकलं त्याच्याशीच तपासू नकोस. त्याचे खड्डे तर पाठच झालेले असतात. शिकणं बंद करून, तिसऱ्या इंजिनाशी, शिकलेलं बुक ५०० डाव आणि मूळ बुक ५०० डाव, निम्मे पांढरी घेऊन निम्मे काळी. ५०० डावांवर चूक ±३.५ टक्के राहते, दोन्हींच्या फरकात ती ±५ होते. म्हणजे दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. डाव वाढव.

तुझे ते शंभर डाव वाया गेले असं समजू नकोस. पीजीएन ठेवलं असशील तर नव्या स्क्रिप्टला तेच पहिल्यांदा खाऊ घाल: पत २० डावांची, प्रतिस्पर्धी ४०० ने वर, मूल्यमापनाला तीन भाग. ई४ आणि डी४ वर येऊन ए३ खाली गेली पाहिजे. नाही गेली तर ई४ च्या हरलेल्या डावांतला एक घे, बुक संपल्यानंतरच्या दहा चालींचे आकडे कागदावर उतरव आणि मूल्यमापन पहिल्यांदा कुठल्या चालीला पडलं ते मला कळव.